शनिवारची टोपली आणि पाच आठवडे आधीचा वाफा

"आमच्याकडं भाजी भरपूर निघते, शहरात टोपल्या पोचवणं सुरू करू का?" असं विचारायला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी आमच्या घरी येतं. येतात ते डिसेंबर-जानेवारीतच. तेव्हा विदर्भात भाजीचं नुसतं राज्य असतं. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) तुरीच्या शेंगा सोलायला आलेल्या, वाफ्यात मेथी-पालक-सांबार (म्हणजे कोथिंबीर), वांग्यांना बाजारात कुणी विचारत नाही. मी त्यांना चहा देते आणि एकच उलट प्रश्न विचारते: येत्या बारा शनिवारी तुमच्या शेतात काय काय निघणार आहे, हे आत्ता सांगता येईल का?

बहुतेकांना येत नाही. मलाही पहिल्या वर्षी आलं नव्हतं. या धंद्यातली सगळी मेख तिथंच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

टोपली म्हणजे काय, तर शहरातलं एक कुटुंब महिन्याचे पैसे आधी देतं आणि दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी त्याच्या दारात पाच-सहा किलो भाजी येते. काय येणार ते शेत ठरवतं. कोणत्या दिवशी आणि किती येणार, हे आपण ठरवलेलं असतं आणि ते चुकवायचं नसतं. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी असेच थेट करार केले होते. त्याला तिकडं 'तेईकेई' म्हणतात. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास अशी पहिली शेतं उभी राहिली. दोन्हीकडं विचार सारखाच होता: पीक चांगलं आलं तर दोघांचं, बिघडलं तर दोघांचं. आपल्याकडं रोख पैसे आधी द्यायला लोक कचरतात, म्हणून मी वर्षाचे मागत नाही, चार आठवड्यांचे मागते. तेवढे मिळाले की बियाणं आणि मजुरी निघते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात. वर्ध्याला पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. सहा घरच्या शेतातली भाजी एकत्र करून साधारण चाळीस टोपल्या भरतो. सहाही घरांचं मुख्य पीक कापूस, सोयाबीन, तूर हेच आहे. भाजी कुणाची पाव एकर, कुणाची अर्धा एकर, विहिरीजवळ. कपाशीचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येण्याआधीच कृषी केंद्राच्या उधारीत गेलेला असतो. भाजीचा पैसा दर रविवारी येतो आणि आमच्याकडं तो बायकांच्या हातात येतो. मी या कामाला धरून बसले आहे ती यासाठी.

आता तो बारा शनिवारांचा प्रश्न. तो सोडवायचा तर उलटं मोजायचं. मेथी पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत काढायला येते, पालक ३०-३५ दिवसांत, सांबार आणि मुळा ४०-४५ दिवसांत. भेंडीचा पहिला तोडा ४५-५० दिवसांनी, गवार आणि बरबटीला (चवळीच्या शेंगांना) त्याहून आठवडाभर जास्त. वांगं-टमाटर यांचं रोप महिनाभर गादीवाफ्यावर आणि लावल्यावर पुन्हा दोन-सव्वादोन महिने. म्हणजे दिवाळीनंतर पहिली टोपली द्यायची असेल, तर वांग्याचं बी पोळ्याच्या दोन-तीन आठवडे आधीच पडायला हवं आणि पहिली मेथी कोजागिरीच्या सुमाराला. दिवाळी झाल्यावर उत्साहानं बी आणलं, तर वांगं हाती लागेपर्यंत संक्रांत उलटते.

नवा माणूस आणखी एक चूक हमखास करतो. मेथीचा मोठा तुकडा एकदाच पेरतो. मेथी चार-पाच दिवस काढण्याजोगी असते, मग फुलावर येते आणि कडवट, जून होते. आमच्यातल्या एक मावशी नेहमी म्हणतात, "मेथी काई आपल्या शनिवारची वाट पाहत नाई, बाई." म्हणून दर आठवड्याला एक छोटा वाफा. चाळीस टोपल्यांना पाव किलोची एक जुडी धरली, तर आठवड्याला दहा किलो मेथी लागते. त्याला चार मीटर बाय पाच मीटरचा तुकडा पुरतो, थोडी तूट धरूनही. लोकांना वाटतं एकरभर पालेभाजी हवी. प्रत्यक्षात हवे असतात असे पाच छोटे तुकडे, प्रत्येक एकेका आठवड्याच्या अंतरानं पेरलेला. एक काढणीला, एक उगवणीला, बाकीचे मधे. आमच्या ओसरीत भिंतीवर दिनदर्शिका टांगली आहे. तिच्यात शनिवारच्या चौकटीत काय द्यायचं ते निळ्या पेनानं आणि त्यासाठी काय कधी पेरायचं ते मागच्या पानांवर लाल पेनानं लिहिलेलं असतं. लाल शाई चुकली की महिन्याभरानं निळी चुकते.

सांबाराचं थोडं सांगते, कारण त्यावरून सगळ्यांची चिडचिड होते. धने अख्खे पेरायचे नाहीत. पायातल्या चपलेनं किंवा लाकडी ठोकळ्यानं हलके रगडून त्यांचे दोन भाग करायचे. एका धन्यात दोन बिया असतात. रात्रभर भिजवले तर आणखी बरं. तरीही उगवायला आठ-दहा दिवस घेतात, आणि मार्चनंतर उघड्यावर पेरले तर धड उगवतच नाहीत. तेव्हा हिरव्या जाळीखाली सावलीत एवढासा वाफा ठेवतो. उन्हाळ्यात टोपलीत सांबाराची चार काडीची जुडी दिसली की गिऱ्हाईक खूश होतं, त्यामुळं या वाफ्याला घरातल्या पोरासारखं जपतो.

भेंडीची अडचण याच्या उलट. ती एकदा सुरू झाली की दीड-दोन महिने थांबत नाही आणि दर दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर शेंगा जरड होऊन झाडही थांबतं. टोपली आठवड्यातून एकदा, तोडे तीन. शुक्रवारचा तोडा टोपलीत जातो. सोमवार आणि बुधवारच्या तोड्याचं काय? तो आठवडी बाजारात जातो. म्हणजे टोपलीच्या धंद्याला बाजाराचा दुसरा दरवाजा उघडा लागतोच. 'आता दलालाचं तोंड पाहायचं नाही' असं ठरवून जे उतरतात, त्यांची भेंडी गुरांपुढं पडते. आम्ही सरासरी सात हिस्से टोपलीला आणि तीन हिस्से बाजाराला असं मनाशी धरूनच लावतो. हे तीन हिस्से अडचणीच्या वेळी टोपलीलाही वाचवतात: रोही (नीलगाय) किंवा रानडुकरांनी एका रात्रीत वाफा साफ केला, तर बाजाराची भेंडी टोपलीत येते.

आणि उन्हाळा. विदर्भात हा धंदा करायचा असेल तर उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांशी आधी तह करावा लागतो. पारा ४५ च्या घरात गेला की टमाटराची फुलं गळतात, पालक दुपारी माना टाकतो, विहिरीचं पाणी तळाला जातं आणि शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते. तग धरतात ती भेंडी, गवार, बरबटी, ढेमसं, कारली, काकडी आणि कोहळं (लाल भोपळा). त्यातलीही रोज पाणी मिळालं तरच.

पहिल्या वर्षी मला हे कळत होतं, पण कबूल करवत नव्हतं. एकतीस घरांकडून पैसे घेतलेले. मे महिन्यात सलग दोन शनिवारी टोपलीत भेंडी, ढेमसं आणि कोहळ्याची फोड एवढंच गेलं. तिसऱ्या शुक्रवारी घाबरून मी शहरातल्या भाजीमंडीतून पत्ताकोबी आणि टमाटर आणले आणि आपल्या भाजीत मिसळून भरले. कुणाला सांगितलं नाही. शनिवारी एका घरी काकूंनी गड्डा हातात घेतला, वरची पानं उलटून पाहिली आणि अगदी सहज विचारलं, "मे महिन्यात तुमच्याकडं कोबी येते का गं?" मी तिथं उभी राहून खोटं बोलले. घरी येईपर्यंत पोटात गोळा होता. रात्री सगळ्यांना व्हॉट्सॲपवर खरं काय ते लिहिलं आणि त्या आठवड्याचे पैसे पुढं वळते केले. चार घरं सुटली. काकू सुटल्या नाहीत, अजून आहेत.

तेव्हापासून नियम केला: मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत टोपली बंद. तसंही मे महिन्यात निम्मं शहर मामाच्या गावाला गेलेलं असतं आणि जूनमध्ये आमची सगळी माणसं पेरणीत असतात. बंद असल्याचं मार्चमध्येच सांगतो. बंद होण्यापूर्वीच्या दोन टोपल्यांमध्ये हळद, तूरडाळ, जवस, वाळवलेली गवार, सरगुंडे (गव्हाच्या पिठाचं वाळवण) असं टिकणारं देतो. इकडची वायगावची हळद तर भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, समुद्रपूर तालुक्यातली; ती आमच्या शेतातली नाही, म्हणून टोपलीत ठेवताना कुठून आणली ते चिठ्ठीवर लिहितो. बाहेरून आणणं हा गुन्हा नाही. न सांगता आणणं हा आहे.

उलट पावसाळ्याचं कौतुक आम्हाला उशिरा कळलं. आषाढ-श्रावणात झड लागते, चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, काळ्या मातीत पाय रुतून बसतात आणि वाफ्यातली पालेभाजी सडते. पण धुऱ्यावर त्याच वेळी तरोटा (टाकळा), आंबाडी, चिवळ, केना असं काही ना काही उगवलेलं असतं. शहरात राहायला गेलेल्या इकडच्या माणसाला तरोट्याची जुडी दिसली की त्याला आई आठवते. भाद्रपदात महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात. त्या आठवड्यात आम्ही प्रत्येकी मूठ-मूठ अशा सोळा भाज्यांची वेगळी टोपली करतो आणि तिच्यासाठी लोक महिनाभर आधी नाव लिहून ठेवतात. हे करताना एकच जपायचं: रानभाजी ओळखणाऱ्या जाणत्या बाईनं तोडलेलीच घ्यायची, आणि फवारलेल्या कपाशीच्या कडेची कधीच नाही.

आता तोडल्यापासून दारात पोचेपर्यंतचे तास. भाजी तोडली तरी जिवंत असते. श्वास घेते, पाणी सोडते. जितकी गरम, तितका श्वास जोरात. पालेभाजीचं थोडं पाणी उडालं तरी ती मलूल दिसते, मग कितीही ताजी असली तरी गिऱ्हाईक शिळीच म्हणणार. म्हणून फळभाजी शुक्रवारी दुपार कलल्यावर आणि पालेभाजी शनिवारी पहाटे चारला, टॉर्च कपाळाला बांधून. जुड्या बांधताना पानांवर दव असेल तर अर्धा तास गोणपाटावर पसरून ठेवायच्या, कारण ओली जुडी बांधली की आतून काळी पडते. कॅरेटच्या तळाशी कोहळं, लवकी (दुधी), वांगी, त्यावर भेंडी-गवार, सगळ्यात वर पाला आणि त्यावर पिळून काढलेलं ओलं सुती कापड. पिकलेली पपई किंवा लालबुंद टमाटर पालकाच्या शेजारी ठेवायचे नाहीत. पिकणाऱ्या फळातून एक वायू निघतो, इथिलीन, त्यानं पाला पिवळा पडतो. हे कळायला आम्हाला दोन कॅरेट पालक घालवावा लागला.

शुक्रवारची भाजी रात्रभर कुठं ठेवायची? शीतगृह आपल्या ऐपतीबाहेरचं. आम्ही आंब्याखाली विटांचा हौद बांधला आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा शोधला. नाव शून्य ऊर्जा शीतकक्ष. विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटीमीटर फट, फटीत नदीची रेती. सकाळ-संध्याकाळ रेती आणि विटा ओल्या करायच्या, वर बांबूचं झाकण आणि ओलं गोणपाट. वीज लागत नाही. हा कसा चालतो ते विदर्भातल्या माणसाला समजवावं लागत नाही, कारण आपल्या घरोघरी कूलर असतो. कोरडी हवा ओल्या गवतातून जाते, पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. हौदातही तेच घडतं, आणि आतली हवा दमट राहते म्हणून भाजी सुकत नाही. एप्रिलमध्ये आतलं तापमान बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी असतं. आणि जुलैत कूलर जसा नुसती चिकचिक करतो, तसाच हा हौदही तेव्हा उपयोगाचा नाही. पावसाळ्यात भाजी उघड्या ओसरीत, हवेशीर, पसरून ठेवावी. कांदे-आलू-लसूण हौदात कधीच ठेवू नयेत, त्यांना कोंब येतात.

हिशेबाकडं येते. समजा टोपली ३६० रुपयांची. त्यातले २१० भाजी पिकवणाऱ्याला. तोडलेली निवडणं, जुड्या, भरणं याची मजुरी ४०. गाडी ४०. पिशव्या, कॅरेट, फोन १५. खराब निघाली म्हणून बदलून दिलेली भाजी २०. उरले ३५. चाळीस टोपल्यांचे आठवड्याला १४००, महिन्याला ५६००. जो हे सगळं सांभाळतो त्याची ही मिळकत. मोठी नाही, पण फसवीही नाही. आता गाडीचं पाहा: एका फेरीचे १६०० रुपये चाळीस टोपल्यांवर वाटले म्हणून ४० पडतात. टोपल्या वीसच असतील तर ८० पडतील आणि त्या ३५ चे उणे ५ होतील. भाजी तीच, भाव तोच, मेहनत तीच. म्हणून गिऱ्हाईक किती यापेक्षा ती किती जवळजवळ राहतात याला जास्त महत्त्व आहे. एकेका घरी सहा मिनिटं धरली तरी चाळीस घरांना चार तास लागतात, तोवर अकराचं ऊन पाल्यावर येतं. आम्ही आठ ठिकाणं केली: कुठं कॉलनीतलं एक घर, कुठं शाळेजवळचं दुकान, कुठं अपार्टमेंटचं गेट. प्रत्येक ठिकाणी पाच टोपल्या उतरतात, शेजारीपाजारी येऊन नेतात. ज्यांच्या अंगणात उतरवतो त्यांना सांबाराची एक जुडी जास्तीची.

भाव मी हंगामाला एकदाच ठरवते. बाजाराच्या मागं रोज धावलं तर ही टोपली म्हणजे नुसती लांबची भाजीमंडी होईल. २०२३ च्या जुलैत टमाटर शंभराच्या वर गेले तेव्हा लोकांनी आमचं कौतुक केलं. आणि जेव्हा मंडीत टमाटर पाच रुपयांनी जातात, तेव्हा तेच लोक "बाहेर स्वस्त आहे हो" म्हणतात. दोन्ही वेळा भाव तोच असतो, हे त्यांना सुरुवातीलाच समजावून सांगावं. पिकवणाऱ्यालाही समजवावं लागतं, कारण टमाटर महाग असताना टोपलीला देणं त्याच्याही जिवावर येतं. त्याच वेळी माणूस टिकतो की जातो ते कळतं.

कायद्याचं थोडक्यात. फळं-भाजीपाला महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, त्यामुळं आवाराबाहेर थेट विकायला अडचण नाही. शेतकरी स्वतःची कच्ची भाजी विकतो तेव्हा अन्न सुरक्षा व मानके कायद्याची नोंदणी लागत नाही. पण आपण इतरांकडून गोळा करून विकतो तेव्हा लागते. लहान व्यवसायाला साधी नोंदणी पुरते. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, मात्र पाकिटात बांधून लेबल लावलेली डाळ जुलै २०२२ पासून त्याच्या कक्षेत आली आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापनाचा शिक्का दरवर्षी मारून घ्यावा. आणि 'सेंद्रिय' हा शब्द जपून वापरावा. त्याला प्रमाणीकरण लागतं. एकमेकांच्या शेतांची तपासणी करून मिळणारं पीजीएस हे लहान शेतकऱ्यांना परवडतं, किमान पाच जणांचा गट लागतो. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला सूट आहे, पण मग प्रमाणित सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह लावता येत नाही.

आमच्या सहापैकी तीन घरं बिनफवारणीची आहेत, तीन अजून नाहीत. चिठ्ठीवर तसं लिहितो: कोणत्या भाजीवर, कशाची, कोणत्या तारखेला फवारणी झाली. औषधाच्या लेबलवर फवारल्यानंतर किती दिवस तोडू नये ते छापलेलं असतं. तेवढे दिवस मोजल्याशिवाय तो वाफा टोपलीत येत नाही. ज्यांची अजून फवारणी होते त्यांना आम्ही बाहेर काढलेलं नाही. दर आठवड्याला आपल्या नावापुढं तारीख लिहिली जाते, ती चाळीस घरांत वाचली जाते, आणि गेल्या वर्षी त्यातल्या एका घरानं वांग्यासाठी आपणहून कामगंध सापळे (नर किड्यांना वासानं ओढून अडकवणारे) लावले.

चिठ्ठी लिहायचं काम आता माझ्या धाकट्या जावेकडं आहे. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की ती ओसरीत बसते, सहा घरांतून फोन येतात. "बरबटी साडेतीन किलोच निघाली." "कारली दोन किलो जास्त आहेत, चालतील का?" ती वजनं लिहिते, चाळीसनं भागते, कुठं कमी पडतं तिथं कोहळ्याची फोड वाढवते. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी जाऊन उद्या कोणाच्या शेतात मेथीचा कोणता वाफा पेरायचा ते पाहते आणि त्या घरी परत फोन लावते.